अंगठेबहाद्दरांचं राज्य

तीन हजार तास एक गेम खेळून झाल्यावर माणूस रिव्ह्यू लिहितो : 'वेळ वाया घालवू नका.' आणि अंगठा खाली. तीन हजार तास म्हणजे जेवण, झोप, नोकरी, आंघोळ सगळं सोडून अखंड खेळलं तरी चार महिने. एवढी हयात घालवून मग दुसऱ्याचा वेळ वाचवायला निघालेल्या या गृहस्थाला परोपकारी म्हणावं की कोडगा, हे ठरेपर्यंत त्याच्या खालीच दुसरा नमुना दिसतो. खेळल्याची नोंद ०.१ तास. अंगठा वर. शेरा : 'मास्टरपीस!' सहा मिनिटांत पठ्ठ्याने मास्टरपीस ओळखला. त्यातली चार मिनिटं आवाज कमी-जास्त करण्यात आणि कंपन्यांचे लोगो बघण्यात गेली असणार.

स्टीम या दुकानात हे रोजचंच आहे. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचं हे दुकान २००३ साली उघडलं आणि आज कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांची ती मुख्य बाजारपेठ आहे. ग्राहकाला रिव्ह्यू लिहायची सोय २०१३ च्या नोव्हेंबरात आली, आणि २०१५ पासून आपल्याकडे भाव रुपयांत दिसू लागले. रिव्ह्यूची पद्धत सोपी. तारे नाहीत, दहापैकी गुण नाहीत. प्रश्न एकच : हा गेम तुम्ही दुसऱ्याला सुचवाल का? हो असेल तर अंगठा वर, नसेल तर खाली. 'ठीकठाक आहे, सेलमध्ये स्वस्त मिळाला तर घ्या, नाहीतर काही बिघडत नाही' हे जगातलं सगळ्यात प्रामाणिक मत. त्याला इथे बटण नाही.

या अंगठ्यांची टक्केवारी काढून दुकान गेमच्या नावाखाली पाटी लावतं. पाचशेच्या वर रिव्ह्यू आणि ९५ टक्के अंगठे वर असतील तर पसंतीची सर्वोच्च पाटी. ७० च्या पुढे 'बहुतांशी चांगला'. ४० ते ६९ म्हणजे 'संमिश्र'. आपल्याकडे ६९ टक्क्यांना फर्स्ट क्लास म्हणतात, शेजारीपाजारी पेढे जातात. स्टीमवर ६९ टक्क्यांवर गेम बनवणारा डोक्याला हात लावून बसतो, कारण पिवळट अक्षरातलं 'संमिश्र' वाचून गिऱ्हाईक पुढच्या दुकानात नव्हे, पुढच्या गेमवर जातं.

*

हसण्यासारखं भरपूर आहे, पण आधी या रिव्ह्यूची चौकट नीट बघा. अंगठ्याशेजारी लिहिलेलं असतं : एकूण किती तास खेळला. त्याच्याबरोबर : रिव्ह्यू लिहिला तेव्हा किती तास झाले होते. फुकट मिळाला असेल तर तशी नोंद. पैसे परत घेतले असतील तर तीही. वर्तमानपत्रातला परीक्षक मध्यंतरात नाट्यगृहातून सटकला आणि घरी जाऊन त्याने दुसऱ्या अंकाची चिरफाड केली, तरी छापील परीक्षणात कुठे 'परीक्षकाने ०.९ तास पाहिले' असं येत नाही. जेवण कोणी दिलं, पास कोणी पाठवला, हे तर अजिबातच नाही. आमच्या धंद्याला ही चौकट लावली, तर रविवारच्या पुरवण्या दोन पानांत आटोपतील.

त्या दोन आकड्यांत एखाद्याचं अख्खं चरित्र मावतं. रिव्ह्यू लिहिताना ४० तास, आज एकूण ६०० तास, आणि अंगठा अजून खालीच, अशीही माणसं आहेत. म्हणजे 'या गेमच्या वाटेला जाऊ नका' असं जगाला बजावून साहेब स्वतः आणखी ५६० तास त्याच वाटेवर होते. मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. शिव्या घालत घालत वर्षानुवर्षं एकाच पक्षाला मत देणारा मतदार आपल्या परिचयाचा आहे.

स्टीमवर रिव्ह्यू लिहायला गेम आधी खात्यात असावा लागतो आणि निदान पाच मिनिटं तरी खेळावा लागतो. फुकटचे गेम सोडले, तर शिवी द्यायलासुद्धा आधी पैसे मोजावे लागतात. ही अट किती मोलाची आहे, ते दुसरीकडे बघितलं की कळतं. २०२० च्या जूनमध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' बाजारात आला आणि मेटाक्रिटिक या गुण गोळा करणाऱ्या साइटवर काही तासांत शून्यांचा पाऊस पडला. गेम संपवायला पंचवीसेक तास लागतात. शून्य द्यायला एकही लागत नव्हता, गेम जवळ असायचीही गरज नव्हती. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकने नियम केला : गेम आल्यावर ३६ तास कोणी मत द्यायचं नाही. खेळल्याचा पुरावा मागितला नाहीच, फक्त राग थंड व्हायला दीड दिवस दिला.

*

आता गमतीजमती, कारण त्या टाळून चालणार नाही. एक संप्रदाय चौकटीवाल्यांचा. ग्राफिक्स, आवाज, गोष्ट, किंमत अशी लांबलचक यादी आणि प्रत्येकासमोर टिकमार्क. कॉम्प्युटर कसा लागेल, या सदरात 'बटाटा' ते 'नासा' असे पर्याय. दुसरा संप्रदाय चिन्हं जुळवून मांजर काढणाऱ्यांचा : 'जाता जाता मांजरीला थोपटा आणि लाइक द्या.' तिसरा गरजूंचा : 'या रिव्ह्यूला एवढे लाइक मिळाले तर बायको मला नवं ग्राफिक्स कार्ड घेऊ देणार आहे.' बायको बहुधा काल्पनिक, कार्डाची इच्छा तेवढी खरी. या तिन्ही प्रकारांत गेम कसा आहे, हे सोडून सगळं असतं.

हे पीक आपोआप उगवलेलं नाही, दुकानानेच खत घातलं. २०२० मध्ये व्हॉल्व्हने रिव्ह्यूला बिल्ले द्यायची टूम काढली. ज्याला बिल्ला मिळेल त्याला स्टीमचे पॉइंट. बिल्ल्यांत एक विदूषकाचाही होता. लिहिणारा मूर्ख आहे, हे जगाला सांगण्यासाठी लोक तो चिकटवू लागले. त्याचेही पॉइंट मिळतात म्हटल्यावर मुद्दाम मूर्खासारखं लिहिणाऱ्यांची फौज उभी राहिली. टीव्हीवरच्या चर्चांचं हेच अर्थशास्त्र आहे, स्टीमवर निदान बिल्ला उघड दिसतो. अखेर २०२४ च्या ऑगस्टमध्ये व्हॉल्व्हने नवी चाळणी लावली : एका शब्दाचे शेरे, चिन्हांची चित्रं आणि विनोद मागे, उपयोगी मजकूर पुढे. अकरा वर्षांनी दुकानदाराला आठवलं, की रिव्ह्यू गेम निवडायला मदत व्हावी म्हणून असतात.

विनोदालाही सोबत लागते. २००९ चा 'बॅड रॅट्स' नावाचा एक गेम आहे. इतका वाईट, की मित्राचा सूड घ्यायचा म्हणून लोक तो एकमेकांना भेट द्यायचे आणि ज्याला मिळाला तो 'आयुष्य बदललं' असं लिहून अंगठा वर करायचा. पुढच्याने फसावं म्हणून. लग्नाळू मुलाला अनुभवी मित्र जसा आग्रह करतात, त्याच चालीवर.

*

पण एक प्रश्न विचारून बघा. लोक या अंगठ्यासाठी एवढे हातघाईवर का येतात? कारण त्यांच्या हातात दुसरं काही नाहीच.

डिजिटल गेम तुम्ही 'विकत' घेता, पण तो तुमचा होत नाही. तुम्हाला मिळतो तो वापरायचा परवाना. २०२४ च्या ऑक्टोबरपासून स्टीम पैसे भरायच्या पानावरच हे छापू लागलं आहे. दुकानाला अचानक सदसद्विवेकबुद्धी झाली म्हणून नव्हे, कॅलिफोर्नियात तसा कायदा झाला म्हणून. पुस्तक वाचून झाल्यावर रद्दीत देता येतं, भावाला देता येतं, पुण्यात अप्पा बळवंत चौकात नेऊन निम्म्या किमतीला विकताही येतं. हा परवाना विकता येत नाही. उद्या कंपनीने सर्व्हर बंद केले, तर ऑनलाइन खेळायचा गेम बंद. अपडेट आलं आणि कालचा चांगला भाग काढून टाकला, तर तक्रार कोणाकडे?

परत करायची सोय आहे. २०१५ च्या जूनपासून घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर स्टीम पैसे परत देतं. नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे आणि ग्राहकाने त्याचंही सोनं केलं. 'समर ऑफ ५८' हा भुताचा छोटा गेम. दोन तासांच्या आत संपणारा. खेळणाऱ्यांनी तो पूर्ण संपवला, आवडला म्हणून अंगठे वर केले आणि त्यांतल्या पुष्कळांनी पैसे परत घेतले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्या एकट्याने काम करणाऱ्या निर्मात्याने अनिश्चित काळासाठी गेम बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. कौतुक मनापासून होतं, फक्त खिशापर्यंत पोचलं नाही. ही ओळ वाचून एखादा मराठी प्रकाशक हळूच मान डोलवेल.

तर दोन तास उलटले की तुमच्या हातात उरतो तो अंगठा. मग कंपनी, मालक, भाषांतर, सर्व्हर, भाववाढ, राजकारण अशी सगळी गाऱ्हाणी त्या एका बोटातून बाहेर पडतात. प्रश्न विचारलेला असतो गेमबद्दल, उत्तर येतं कंपनीबद्दल. यालाच कंपन्या 'रिव्ह्यू बॉम्बिंग' म्हणतात. बॉम्ब हा शब्द ग्राहकाच्या वाट्याला आणि 'धोरणात्मक निर्णय' कंपनीच्या.

*

'ओव्हरवॉच २' चं बघा. तो बनवणाऱ्या ब्लिझर्डचं स्वतःचं दुकान आहे, बॅटलनेट. तिथे ग्राहकाने मत नोंदवायची सोयच नाही, त्यामुळे सगळं छान चाललेलं दिसायचं. २०२३ च्या मे महिन्यात कंपनीने गाजावाजा केलेला, गोष्टीतून पुढे सरकणारा खेळप्रकार रद्द केला. त्याआधी जानेवारीत चिनी भागीदार नेटईजशी करार संपून चीनमधले सर्व्हर बंद पडले होते. लाखो लोकांचा राग साठलेला आणि दार कुठेच नाही. १० ऑगस्टला गेम स्टीमवर आला आणि दोन दिवसांत तो स्टीमवरचा सगळ्यात नापसंत गेम ठरला. चिनी भाषेतल्या रिव्ह्यूंचा त्यात मोठा वाटा. गेम एका रात्रीत बिघडला नव्हता, एका रात्रीत खिडकी उघडली होती.

अशा खिडकीबाबत एपिक या कंपनीने आधीच शहाणपणा दाखवला होता. म्हणजे कंपनीच्या सोयीचा. २०१८ च्या डिसेंबरात एपिक स्टोअर उघडलं ते रिव्ह्यूशिवाय. स्टीम गेमवाल्यांकडून ३० टक्के घेतं, आम्ही १२ घेतो, हा त्यांचा पुकारा. ग्राहक काय म्हणतो, याचा पुकाऱ्यात उल्लेख नव्हता. पुढे २०२२ मध्ये त्यांनी तारे आणले, पण मत द्यायला तुम्ही जाऊ शकत नाही. दोन तासांच्या वर खेळलेल्यांपैकी यंत्र मनाला येईल त्याला विचारतं : किती तारे? गोंधळ होत नाही, हे खरं. विचारल्याशिवाय बोलायचंच नाही म्हटल्यावर शाळेतही शांतता असायची.

या सगळ्याचा कळस २०२४ च्या मे महिन्यात झाला. 'हेलडायव्हर्स २' हा स्टॉकहोमच्या अ‍ॅरोहेड स्टुडिओचा गेम, प्रकाशक सोनी. फेब्रुवारीत आला, धो धो चालला. ३ मे रोजी सोनीने जाहीर केलं, की कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांनीही प्लेस्टेशनचं खातं जोडलंच पाहिजे. आता, हे खातं अनेक देशांत उघडताच येत नाही. तिथे गेम विकताना मात्र सोनीला ही अडचण आठवली नव्हती. बघता बघता दोन लाखांवर लाल अंगठे पडले. तीन दिवसांत सोनीने हुकूम मागे घेतला. ग्राहक आयोगात तीन दिवसांत तारीख तरी मिळते का, विचारून बघा.

त्या रिव्ह्यूंचा आलेख स्टीमच्या पानावर बघायला मिळतो : आधी निळ्या उभ्या पट्ट्या वर गेलेल्या, मग अचानक खाली लोंबणारे लाल खांब. स्टुडिओने रागावण्याऐवजी त्याच आलेखाच्या नक्षीचा झगा काढला आणि तो गेममधल्या सैनिकांच्या पाठीवर चढवला. आपल्याविरुद्धच्या मोर्चाचा फोटो दिवाणखान्यात लावायचा, एवढी विनोदबुद्धी आमच्या एखाद्या महापालिकेने दाखवली, तर अर्धा मालमत्ता कर मी हसत भरीन. उरलेला अर्धा रडत भरतोच आहे.

*

बाकी कंपन्यांची विनोदबुद्धी वेगळ्या जातीची. डिजिटल होमिसाइड नावाच्या अमेरिकी स्टुडिओने २०१६ मध्ये वाईट बोलणाऱ्या शंभर स्टीम ग्राहकांवर १ कोटी ८० लाख डॉलरचा दावा ठोकला. गिऱ्हाईक राजा असतं म्हणतात, इथे शंभर राजे एकदम आरोपीच्या पिंजऱ्यात. व्हॉल्व्हने त्या स्टुडिओचे सगळे गेम दुकानातून काढले. दावाही पुढे गेला नाही.

२०१८ च्या फेब्रुवारीत इन्सेल गेम्सच्या प्रमुखाने कर्मचाऱ्यांना ई-मेल धाडला. मतितार्थ असा : आपला नवा गेम विकत घ्या, रिव्ह्यू लिहा. रिव्ह्यू नाहीत तर विक्री नाही, विक्री नाही तर उद्या नोकरी नाही. ई-मेल फुटला, व्हॉल्व्हने इन्सेलचे गेम उचलून बाहेर ठेवले. साहेबांचं एवढंच चुकलं, की त्यांनी हे लेखी दिलं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'शुभेच्छुक' म्हणून कोणाची नावं यायची, हे आपल्याकडे कधी ई-मेलने ठरत नाही.

तिसरा प्रकार समजावणाऱ्यांचा. 'स्टारफील्ड' मध्ये हजारावर ग्रह आहेत आणि त्यांतले पुष्कळ ओसाड. लोकांनी कंटाळा आल्याचं लिहिलं. २०२३ च्या नोव्हेंबरात निर्मात्या बेथेस्डाच्या ग्राहक विभागाने त्या रिव्ह्यूंखाली उत्तरं द्यायला सुरुवात केली. एक युक्तिवाद असा, की चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांनाही तिथे काही सापडलं नव्हतं, ते कुठे कंटाळले? बिनतोड. फरक इतकाच, की अंतराळवीरांनी तिकिटाचे पैसे भरले नव्हते.

आकड्यांना मात्र हीच मंडळी वेदवाक्य मानतात, फायद्याचं असेल तेव्हा. याच बेथेस्डाने प्रकाशित केलेला 'फॉलआउट : न्यू व्हेगस' हा २०१० चा गेम ऑब्सिडियन स्टुडिओने बनवला. मेटाक्रिटिकवर समीक्षकांचे सरासरी ८५ गुण पडले तर बोनस, असा करार. पडले ८४. बोनस गेला. ग्राहकाने रागाने अंगठा खाली केला तर ते अविचारी, आणि एका गुणासाठी स्टुडिओची वर्षभराची मेहनत वजा केली तर तो व्यवहार.

*

ग्राहक म्हणजे साधुसंत, असं कोणी समजू नये. जमावाला नेम नसतो, हे आपल्यापेक्षा चांगलं कोणाला माहीत? २०१७ च्या एप्रिलमध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारताला गरीब देश म्हटल्याचा आरोप एका माजी कर्मचाऱ्याने केला. कंपनीने तो नाकारला. पण आपली देशभक्त बोटं तोवर कामाला लागली होती. अ‍ॅपच्या दुकानात स्नॅपचॅटला एक तारा देता देता अनेकांनी स्नॅपडीललाही एक तारा दिला. बिचारी भारतीय कंपनी, गुन्हा एवढाच, की नावाची सुरुवात सारखी. त्याच वर्षी सप्टेंबरात 'फायरवॉच' च्या निर्मात्यांनी एका बड्या यूट्यूबरला, त्याने थेट प्रक्षेपणात वर्णद्वेषी शिवी दिल्यावर, आपल्या गेमचे व्हिडिओ काढायला लावले. त्याच्या चाहत्यांनी येऊन गेमवर राग काढला. जंगलातल्या एकाकी पहारेकऱ्याची गोष्ट सांगणाऱ्या त्या गेमचा यात काडीचा संबंध नव्हता.

यावर व्हॉल्व्हने आधी २०१७ मध्ये तो आलेख आणला : अंगठे कोणत्या दिवशी कोसळले ते बघा आणि तुमचं तुम्ही ठरवा. हे शहाणपणाचं होतं. मग २०१९ च्या मार्चमध्ये दुकानदार स्वतःच न्यायाधीश झाला. गेमशी संबंध नसलेले, म्हणजे 'विषय सोडून' केलेले रिव्ह्यू टक्केवारीत धरायचे नाहीत. संशयास्पद लाट यंत्र हेरणार, निकाल कंपनीची माणसं देणार. रिव्ह्यू पुसले जाणार नाहीत, फक्त मोजले जाणार नाहीत. हवं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ते पुन्हा मोजायला लावता येतात, पण सेटिंगमध्ये जातो कोण?

खरी मेख पुढे आहे. चोरटी प्रत चालू नये म्हणून गेमला लावलेली कुलपं आणि कराराची कलमं, यांबद्दलची तक्रारही व्हॉल्व्हने 'विषय सोडून' मध्ये टाकली. का, तर सर्वसाधारण खेळणाऱ्याला त्याचं एवढं पडलेलं नसतं. म्हणजे ज्या कुलपामुळे गेम माझ्या कॉम्प्युटरवर चालेल की नाही हे ठरतं, ज्या कलमामुळे तो माझ्या मालकीचा नाही हे ठरतं, त्यांवर बोललो की मी विषय सोडला. महिन्याभरातच 'बॉर्डरलँड्स ३' सहा महिने फक्त एपिकवर मिळणार असं जाहीर झालं, लोकांनी मालिकेतल्या जुन्या गेमवर लाल अंगठे मारले आणि नव्या नियमाची भवानी झाली.

त्याच एप्रिलात पॅरिसच्या नोत्र दामला आग लागली. युबीसॉफ्ट कंपनीने आपला 'असॅसिन्स क्रीड युनिटी' आठवडाभर फुकट वाटला, कारण त्यात ते चर्च दगडान्‌दगड उभं केलेलं आहे. हा तोच २०१४ चा गेम, ज्यात पात्रांचे चेहरे गायब होऊन हवेत नुसते डोळे आणि दात तरंगायचे. आता त्यावर कौतुकाचा वर्षाव झाला. हेही गेम सोडून भावनेवर दिलेलं मत होतं की नाही? व्हॉल्व्हने विचार केला आणि ते अंगठे मोजले. लाट कौतुकाची असली, की ती विषयाला धरून असते.

*

एक लाट मात्र विषय सोडून नव्हती आणि तरी जगाला दिसली नसती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्टीमने मोठ्या गेमसाठी भाषावार टक्केवारी सुरू केली आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला 'हॉलो नाइट : सिल्कसाँग' आला. जगभर वाहवा, चिनी खेळणाऱ्यांत नाराजी. कारण भाषांतर. गंभीर, तुटक संवादांचं चिनीत जुन्या तलवारबाज कादंबऱ्यांसारखं अलंकारिक काहीतरी झालं होतं. निर्मात्यांना भाषांतर सुधारायचं आश्वासन द्यावं लागलं. भाषांतरासाठी एवढं भांडणारी माणसं जगात आहेत, हे वाचून मला गहिवरून आलं. आपल्याकडे बँकेच्या एटीएमवरचं मराठी वाचूनही कोणी बोट वर करत नाही.

आपलं गाऱ्हाणं त्याच्याही अलीकडचं. स्टीमचं दुकान मराठीत चालतच नाही, तर भाषांतर वाईट म्हणून तरी कशावर भांडायचं? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' बनवला. राजस्थानी महाल, हरवलेला भाऊ गोलू, त्याला सोडवायला निघालेली राजी आणि त्यांची कथा सांगणारे साक्षात दुर्गा आणि विष्णू. दोघंही इंग्रजीत बोलायचे. खेळणाऱ्यांनी कुरकुर केली, २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आला. वैकुंठातून पुण्यात यायला इंग्रजी आणि हिंदी अशा दोन गाड्या बदलाव्या लागतात. मराठीची गाडी अजून लागलेली नाही.

असल्या छोट्या स्टुडिओला अंगठ्याची किंमत खरी कळते. दहा रिव्ह्यू होईपर्यंत गेमखाली पाटीच लागत नाही. दहा म्हणजे काही फार नाहीत, मावसभाऊ-चुलतभाऊ धरले तरी होतील, असं वाटतं. पण फुकट वाटलेल्या 'की' वर, म्हणजे गेम खात्यात घालायच्या कोडवर, लिहिलेला रिव्ह्यू २०१६ पासून टक्केवारीत धरत नाहीत. मावसभावाने गेम पैसे देऊन घ्यायला हवा. तिथे भल्याभल्यांची नाती उघडी पडतात.

आणि हाच अंगठा वेळ द्यायला तयार असतो, हेही नोंदवायला हवं. 'नो मॅन्स स्काय' २०१६ मध्ये आला तेव्हा सांगितलं होतं त्यातलं बरंचसं गेममध्ये नव्हतंच. लोकांनी सोलून काढलं. निर्माते गप्प बसले, दावा ठोकला नाही, अंतराळवीरांचे दाखले दिले नाहीत. वर्षानुवर्षं एकामागून एक अपडेट फुकट देत राहिले. २०२४ च्या नोव्हेंबरात एकूण टक्केवारी ८० च्या पुढे गेली. आठ वर्षं लागली. ज्यांना कंपन्या झुंड म्हणतात, त्यातल्याच माणसांनी परत येऊन आपला अंगठा फिरवला. निवडून दिल्यावर पाच वर्षांनी तोंड दाखवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

त्यामुळे कंपन्यांची ती नेहमीची विनंती, की रिव्ह्यूत कृपया फक्त गेमबद्दल बोलावं, मला तत्त्वतः मान्य आहे. खातं जोडायची सक्ती नको, गेम सुरू करून देणाऱ्या लाँचरच्या पोटात आणखी एक लाँचर नको, चालू सामन्यात दुकान नको, मालकी काढून घेणारं बारीक अक्षरातलं कलम नको. तुम्ही एकदा नुसता गेम विकून दाखवा. आम्हीही नुसत्या गेमबद्दल बोलू.